ईलिंगच्या बागेतला मृग

जानेवारीत लंडनला आकाश मोकळं मिळणं हीच मोठी गोष्ट. पण मिळालंच, तर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. मृग नक्षत्र समोरच असतं. त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपल्यापैकी बऱ्याच जणांना आजी-आजोबांनी दाखवलेला असेल. त्या बाणाच्या जरा खाली एक धूसर ठिपका आहे. तो तारा नव्हे, वायू आणि धुळीचा अवाढव्य मेघ आहे. त्याचा एक गाजलेला फोटो निघाला तो इथे, ईलिंगमध्ये, एका घरामागच्या बागेत.

अँड्र्यू एन्स्ली कॉमन हे पेशाने सॅनिटरी इंजिनिअर, म्हणजे नळ आणि सांडपाण्याची कामं करणारे. खगोलशास्त्र हा त्यांचा नाद. छंद म्हणायला मात्र जीभ अडखळते, कारण बागेत त्यांनी ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती!

या मेघाचा पहिला फोटो त्यांचा नव्हे. तो १८८० साली अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवून काढला. तोवर कोरड्या प्लेटा आल्या होत्या, म्हणून हे जमलं. आधीची काच ओली असतानाच वापरावी लागे आणि काही मिनिटांत वाळून जाई.

प्लेटचं काम पागोळीखाली ठेवलेल्या भांड्यासारखं. थेंब थेंब प्रकाश साठत जातो. डोळ्याला असं साठवता येत नाही. पण तासभर भांडं पागोळीखालीच राहायला हवं, आणि इथे तर पृथ्वी फिरत असते. दुर्बीण ताऱ्यांबरोबर वळत राहिली पाहिजे, जराही न अडखळता. एवढं वजन अलगद फिरावं म्हणून कॉमन यांनी तिचा आस पाऱ्यावर तरंगता ठेवला. सांडपाण्याच्या इंजिनिअरला सुचेल असाच उपाय, असं मला आपलं वाटतं.

१८८३ साली त्यांनी ६० मिनिटांपर्यंतचे फोटो घेतले. त्यांत असे तारे उमटले, जे त्या दुर्बिणीतून बघूनही डोळ्याला दिसत नव्हते. तोवर लोक पाहिलेलं कागदावर रेखाटत आणि कुणाचं चित्र खरं यावर वाद घालत. आता प्लेट माणसापेक्षा जास्त पाहू लागली. १८८४ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

ती दुर्बीण पुढे हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉसली यांनी विकत घेतली आणि १८९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेला देऊन टाकली. तिथे जेम्स कीलर यांनी तिच्यातून चक्राकार तेजोमेघांचे फोटो घेतले. त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे कळायला अजून बराच काळ जायचा होता.

आज ईलिंगमध्ये तासभर प्लेट उघडी ठेवली, तर रस्त्यावरच्या दिव्यांनीच ती भरून जाईल. म्हणून आपल्यातले हौशी लोक काही सेकंदांचे शेकडो फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचतात. भांडी लहान, पण पागोळी तीच. साधा कॅमेरा तिवईवर ठेवून पाच-सात सेकंदांचा एक फोटो घेऊन पाहा. बाणाखालचा तो ठिपका गुलाबीसर येतो.