एकत्र झालेल्या संघाचा पहिला हंगाम : मोजणी कुठून सुरू करायची?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख काढला होता. लासलगाव बाजार समितीतली कांद्याची आवक, वर्षागणिक. एका जागी रेघ एकदम वर उसळली होती आणि मी त्यावर दोन पानं स्पष्टीकरण लिहूनही मोकळी झाले होते: पाऊस बरा झाला, लागवड वाढली, वगैरे. गाइडनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "हा एवढा कांदा एका वर्षात आला कुठून?"

कांदा कुठूनच आला नव्हता. बाजारभावाच्या तक्त्यात 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' अशा वेगवेगळ्या ओळी असतात, कारण निफाड आणि विंचूर हे याच समितीचे उपबाजार आहेत. सुरुवातीच्या वर्षांसाठी मी फक्त पहिली ओळ उचलली होती आणि पुढच्या वर्षांसाठी तिन्हींची बेरीज. चूक सर्वस्वी माझी. मी एका गोष्टीची वाढ मोजतेय असं मला वाटत होतं, पण मधेच ती गोष्टच बदलली होती.

तुम्ही पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागला असाल, तर ही अडचण तुम्हालाही कधी ना कधी येणार. जिल्ह्याचं विभाजन होतं, दोन बँका एक होतात, हवामान केंद्राची जागा बदलते. तेव्हा आधीचे आकडे नंतरच्या आकड्यांना जोडायचे की नाही? हे समजायला मला कांद्यापेक्षा फुटबॉलचं एक उदाहरण जास्त उपयोगी पडलं. आकडे छोटे आहेत, तारखा पक्क्या आहेत आणि सगळे सामने आपल्या शेजारी गोव्यात झाले. दोन क्लब एकत्र येऊन झालेल्या एका संघाच्या पहिल्या हंगामाची ही गोष्ट आहे.

आधी दोन क्लब

पहिला क्लब मोहन बागान. स्थापना 15 ऑगस्ट 1889, कोलकाता. 29 जुलै 1911 ला या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. गोऱ्या पलटणीला हरवणारे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, त्यामुळे तो विजय फक्त खेळाचा राहिला नाही. बंगालमध्ये आजही ती तारीख सणासारखी पाळतात.

दुसरा क्लब एटीके. जन्म 2014 चा, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल सुरू झाली तेव्हाचा. तेव्हा नाव 'अ‍ॅटलेटिको दे कोलकाता' होतं आणि स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदची भागीदारी होती. वय लहान, पण 2014 आणि 2016 अशी दोन विजेतेपदं खात्यावर.

दोन्ही एकाच शहरातले, पण वेगळ्या लीगमधले. मोहन बागान जुन्या आय-लीगमध्ये खेळायचा, एटीके आयएसएलमध्ये. 16 जानेवारी 2020 ला विलीनीकरण जाहीर झालं. एटीकेची मालकी असलेल्या आरपीएसजी समूहाकडे 80 टक्के हिस्सा, मोहन बागानकडे 20 टक्के. मात्र अंमल 1 जून 2020 पासून व्हायचा होता, म्हणजे चालू हंगाम दोघांनी वेगवेगळाच खेळायचा.

आता पुढचं बघा. 10 मार्च 2020 ला मोहन बागानने ऐझॉलला हरवून आय-लीगचं विजेतेपद निश्चित केलं, तेही चार फेऱ्या शिल्लक असताना. चारच दिवसांनी, 14 मार्चला, मडगावच्या फातोर्डा मैदानावर रिकाम्या स्टेडियममध्ये एटीकेने चेन्नईयिनला 3-1 असं हरवून तिसऱ्यांदा आयएसएल जिंकली. मग कोरोनाने सगळंच थांबवलं. एकत्र यायचं ठरलेले दोन्ही क्लब आपापल्या लीगचे विजेते होऊन एकत्र आले.

10 जुलैला नाव ठरलं: एटीके मोहन बागान. जर्सी मोहन बागानची हिरवी-मरून. बोधचिन्ह मोहन बागानचं शिडाच्या नावेचं, त्यात 'एटीके' ही अक्षरं. प्रशिक्षक अंतोनियो हबास आणि बहुतेक खेळाडू मात्र एटीकेचे. नवीन संघाने एकाचा पोशाख घेतला आणि दुसऱ्याचा चमू.

पहिला हंगाम

2020-21 ची आयएसएल संपूर्ण गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, अशी तीन मैदानं. प्रेक्षक नाहीत. संघ 11, प्रत्येकाचे साखळीत 20 सामने.

20 नोव्हेंबर 2020 ला बांबोळीत उद्‌घाटनाच्या सामन्यात एटीके मोहन बागानने केरला ब्लास्टर्सला 1-0 असं हरवलं. गोल फिजीच्या रॉय कृष्णाचा. या सामन्यात ब्लास्टर्सचे प्रशिक्षक होते किबू विकुन्या. आठ महिन्यांपूर्वी मोहन बागानला आय-लीग जिंकून देणारे तेच. म्हणजे मोहन बागानचा विजेता प्रशिक्षक समोरच्या बाकावर, आणि मोहन बागानच्या जर्सीत एटीकेचा चमू.

27 नोव्हेंबरला टिळक मैदानावर ईस्ट बंगालविरुद्ध 2-0 असा विजय. कोलकात्याच्या या परंपरागत लढतीचा आयएसएलमधला हा पहिला सामना, आणि तो कोलकात्यापासून दूर, एकही प्रेक्षक नसताना.

साखळीच्या शेवटच्या दिवशी, 28 फेब्रुवारी 2021 ला, एटीके मोहन बागान 40 गुणांवर होता आणि मुंबई सिटी 37 वर. समोरासमोर सामना. बरोबरी झाली असती तरी कोलकात्याला पहिला क्रमांक मिळाला असता. मुंबईने 2-0 असा सामना जिंकला. दोघांचे 12 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव, गुण 40-40. पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते आणि गोलफरकही मुंबईचा सरस, 17 विरुद्ध 13. मुंबई पहिली, एटीके मोहन बागान दुसरा.

13 मार्चला फातोर्डावर पुन्हा हेच दोन संघ अंतिम फेरीत. डेव्हिड विल्यम्सने 18 व्या मिनिटाला कोलकात्याला आघाडी दिली, 29 व्या मिनिटाला तिरीकडून स्वतःच्याच जाळीत चेंडू गेला, आणि 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने मुंबईसाठी विजयी गोल केला. 2-1. मुंबई सिटीचं हे पहिलं विजेतेपद.

आता तुमचा प्रश्न: हंगाम चांगला गेला की वाईट?

उत्तर द्यायच्या आधी एक सोपं गणित करू. प्रति सामना गुण काढू.

नवीन संघ: 20 सामन्यांत 40, म्हणजे 2.00.

2019-20 मधला एटीके: साखळीतल्या 18 सामन्यांत 34, म्हणजे 1.89.

2019-20 मधला मोहन बागान: आय-लीगच्या 16 सामन्यांत 39, म्हणजे 2.44.

एटीके हा पूर्वज धरला तर कामगिरी सुधारली. मोहन बागान धरला तर घसरली. दोघांची बेरीज केली (34 सामन्यांत 73 गुण, 2.15) तरी घसरली, पण ही बेरीज करायला अर्थच नाही, कारण दोन लीगमधले प्रतिस्पर्धी वेगळे, सामने वेगळे. माझ्या आलेखात मी साधारण हेच केलं होतं. आणि कंपनीच्या कागदावरून 1 जून 2020 हाच जन्म मानला, तर तुलना करायला आधीचं काहीच उरत नाही.

आकडे तेच, निष्कर्ष तीन. फरक पडला तो 'हा संघ म्हणजे कोण' या उत्तराने, आणि ते उत्तर तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच द्यावं लागतं.

मोजमापही तपासा. 'गतवर्षीचा विजेता यंदा उपविजेता' असं म्हटलं की घसरण वाटते. पण 2019-20 मध्येही एटीके साखळीत दुसराच होता, पहिला होता एफसी गोवा. म्हणजे साखळीत दोन्ही वर्षं दुसरा क्रमांक. विजेता आणि उपविजेता हा फरक एका अंतिम सामन्याचा, आणि तोसुद्धा 90 व्या मिनिटाचा. एका सामन्यावर 'विलीनीकरणाचा परिणाम' असं प्रकरण लिहायला बसू नका.

पुढची अडचण कारणाची. समजा गुण वाढले हे मान्य केलं. ते विलीनीकरणामुळे वाढले का? त्याच वर्षी प्रेक्षक नव्हते, घरचं मैदान नव्हतं, संघ 10 वरून 11 झाले होते. एका वर्षात इतकं सगळं बदललं तर कुठल्या बदलाचा काय परिणाम, हे नुसत्या 'आधी' आणि 'नंतर'वरून सांगता येत नाही. मग कंट्रोल शोधू म्हणाल. ईस्ट बंगाल आहे की! तेच शहर, जुना लौकिक, त्याच वर्षी आयएसएलमध्ये प्रवेश, पण दुसऱ्या संघात विलीनीकरण नाही. तो 17 गुणांसह नववा आला. मोहात पाडणारी तुलना आहे. पण ईस्ट बंगालला गुंतवणूकदार मिळाला सप्टेंबर 2020 मध्ये, लीग सुरू व्हायला तीन महिनेसुद्धा नसताना. समोरच्याकडे मात्र आयएसएल जिंकलेला आयता चमू होता. म्हणजे फरक विलीनीकरणाचा की तयारीला मिळालेल्या वेळाचा, हे पुन्हा सुटत नाही. कंट्रोल मिळाला म्हणजे काम झालं असं नसतं, त्याचे दोषही लिहावे लागतात.

वारसा कोण ठरवतं?

इथपर्यंत प्रश्न तांत्रिक होता. पण माणसं आली की तो तसा राहत नाही.

काही वारसा नियमाने ठरतो. मोहन बागानने आय-लीग जिंकून मिळवलेली एएफसी कपची जागा पुढे एटीके मोहन बागानने वापरली. म्हणजे आशियाई फुटबॉलच्या कागदांत मोहन बागानचा धागा तुटला नाही. आयएसएलच्या मैदानावर एटीकेचा चमू आणि प्रशिक्षक पुढे चालू राहिले. उलट उदाहरण पुण्याचं. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला आणि पुण्याचे बरेच खेळाडूही तिकडे गेले. तरी हैदराबादच्या खात्यात पुण्याचे सामने कोणी धरत नाही. खेळाडू तेच राहिले म्हणून संघ तोच राहतो असं नाही. मग काय राहिलं म्हणजे संघ तोच? नाव, मालक, शहर, की समर्थक?

समर्थकांचं उत्तर पक्कं होतं. मोहन बागानच्या चाहत्यांना 1889 च्या नावापुढे 2014 चं नाव लावलेलं सहन झालं नाही. 'रिमूव्ह एटीके' ही मागणी त्यांनी लावून धरली. जिंकणाऱ्या संघाविरुद्ध त्याच संघाचे चाहते निषेध करत होते. गुणतक्त्यावरून हे कधीच कळलं नसतं. 18 मार्च 2023 ला, पुन्हा त्याच फातोर्डावर, एटीके मोहन बागानने बेंगळुरू एफसीला पेनल्टींवर हरवून आयएसएल जिंकली आणि त्याच वेळी 'एटीके' काढून टाकायची घोषणा झाली. 1 जून 2023 पासून नाव झालं मोहन बागान सुपर जायंट. 'एटीके मोहन बागान' हे नाव तीन वर्षंही टिकलं नाही.

म्हणून इतिहासाच्या अंगाने काम करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. आजच्या नावाने कालचे आकडे शोधू नका. 2020-21 चा तक्ता बघताना तिथे 'मोहन बागान सुपर जायंट' लिहिलेलं दिसलं, तर तो तक्ता नंतर कोणीतरी दुरुस्त केलाय हे ओळखा. त्या काळचं वर्तमानपत्र काढा, त्या दिवशी काय नाव छापलं होतं ते बघा, आणि तेच लिहा.

सिनॉप्सिस लिहिताना

तुमच्या विषयात कुठेही जोडणी किंवा तोडणी झाली असेल, तर आकड्यांना हात लावण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा. माझं एकक नेमकं कोणतं. त्याची सुरुवात मी कोणत्या तारखेपासून धरली आणि का. दुसरी तारीख धरली असती तर निष्कर्ष उलटला असता का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका, पण ते लपवूही नका. दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी मांडा. व्हायवामध्ये कोणीतरी तो प्रश्न विचारणारच असतो, आपण आधी विचारलेला बरा.

माझा आलेख मी नंतर दोनदा काढला. एकदा फक्त लासलगावच्या मुख्य बाजाराचा, एकदा तिन्ही ओळी पहिल्या वर्षापासून धरून. दोन्हींत ती उसळी नाही. पावसाची आणि लागवडीची ती दोन पानं प्रबंधातून गेली, त्यांच्या जागी आता तळटीपेच्या चार ओळी आहेत: कोणती ओळ कधीपासून धरली आणि का. गाइडनी त्या चार ओळी वाचल्या, मान हलवली आणि पान उलटलं.