एक डॉलरची अट

१९०४ साली अमेरिकेत ‘द कास्टअवे’ नावाची कादंबरी निघाली. ती आज कुणी वाचत असेलसं वाटत नाही, पण तिच्यात छापलेली ताकीद कायद्याच्या इतिहासात जाऊन बसली. ताकीद अशी: किंमत एक डॉलर, त्याहून कमी भावात विकायचा परवाना कुठल्याही दुकानदाराला नाही, विकल्यास कॉपीराइटचा भंग धरला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकायला काढली. प्रकाशक बॉब्स-मेरिल कोर्टात गेले आणि १९०८ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात हरले. प्रत एकदा विकलीत की तिच्या पुढच्या विक्रीवर तुमची हुकमत नाही, असा निकाल लागला.

आपल्याकडे कायद्याचे शब्द निराळे, पण व्यवहार तोच. फोर्टच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले कुणाची परवानगी मागत नाहीत आणि त्यांना मागावी लागतही नाही. प्रत आपली, वाचा, विका, भाच्याला द्या.

हे झालं छापील प्रतीचं. ई-पुस्तकाचा जन्म मात्र धंद्यात झालेला नाही. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला, तोही फुकट वाटण्यासाठी. त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. धंद्याने खरा जोर धरला तो नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं किंडल आल्यावर, आणि तिथे एक गोष्ट गुपचूप बदलली. ग्राहक ‘खरेदी’चं बटण दाबत होता, पण अटींच्या बारीक अक्षरांत त्याला मिळत होता फक्त वाचायचा परवाना. प्रकाशक १९०८ मध्ये जे हरले होते, ते शंभर वर्षांनी त्यांच्या पदरात पडलं.

त्याचा अर्थ काय, हे जुलै २००९ मध्ये कळलं. एका विक्रेत्याने अमेरिकेतले हक्क नसताना ऑर्वेलची पुस्तकं किंडलवर विकली होती. हे लक्षात येताच अ‍ॅमेझॉनने ती लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली, पैसे परत केले. पुसलेल्यांत ‘१९८४’ होती. सरकार नको ते कागद जाळून टाकतं, अशी गोष्ट सांगणारी ही कादंबरी. विनोद करायला कुणाची गरजच उरली नाही. पुस्तक गेलं आणि एका विद्यार्थ्याने त्यावर काढलेली टिपणं निरुपयोगी झाली. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. युरोपातही २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की ई-पुस्तक हक्कधारकाच्या संमतीशिवाय पुन्हा विकता येणार नाही. थोडक्यात, वापरलेल्या ई-पुस्तकांची बाजारपेठ बंद.

वाचकाचं जे झालं, त्याच्या उलट लेखकाचं झालं, निदान सुरुवातीला. २००१ मध्ये रोझेटाबुक्स या छोट्या कंपनीने विल्यम स्टायरन, कर्ट व्हॉनेगट, रॉबर्ट पार्कर यांच्याशी थेट करार करून त्यांच्या कादंबऱ्या ई-पुस्तकांत आणल्या. त्यांची छापील पुस्तकं काढणारं रँडम हाउस खवळलं. पुस्तकरूपाचे हक्क आमच्याकडे आहेत म्हणालं. न्यायाधीश सिडनी स्टाइन यांनी मनाई हुकूम द्यायचं नाकारलं, कारण जुन्या करारातल्या पुस्तकरूपात ई-पुस्तक बसतं असं त्यांना दिसलं नाही. अपिलातही २००२ मध्ये तेच टिकलं. प्रकाशकांनी धडा घेतला आणि नव्या करारांत इलेक्ट्रॉनिक हक्कांचं कलम पहिल्या दिवसापासून बसवलं. मानधन बड्या अमेरिकी प्रकाशकांत निव्वळ जमेच्या २५ टक्क्यांवर स्थिरावलं. कागद नाही, छपाई नाही, गोदाम नाही, परतीचे गठ्ठे नाहीत. तरी चारातले तीन भाग प्रकाशकाचे. मला हा हिशेब पटत नाही.

रोझेटाच्या निकालात जे होतं, त्याहून स्पष्ट गोष्ट आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. कलम १८ सांगतं: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत. कलम १९ तर पूर्वीपासूनच म्हणतं की हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असलं पाहिजे. मराठीत ‘तुम्ही छापा हो, बघू नंतर’ एवढ्या बोलीवर निघालेली पुस्तकं कमी नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली, तेव्हा अशा पुस्तकांचे ई-हक्क द्यायचे होते लेखकाने, नाहीतर त्याच्या वारसांनी. कपाटात जुने करार असले तर ते त्यांनी एकदा काढून वाचलेले बरे.