लष्करच्या बाजारातील पोरवयाची मुभा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस जे लष्कर शहर पसरले आहे, त्याच्या अगदी काळजात, महाराज बाड्याजवळ, टोपी बाजार आहे. सराफा जवळ, दौलतगंज जवळ, पाटणकर बाजारही फारसा लांब नाही. येथील काही पेठांना मालाची नावे मिळाली, काहींना सरदारांची. मराठीतला 'वाडा' हिंदीच्या तोंडी 'बाडा' झाला आणि पुढे लष्करच्या मराठी माणसानेही तोच उच्चार मुकाट्याने पत्करला.

हे शहर मुळात छावणी होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो पुन्हा उठला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी टॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या फिरत्या तळाबरोबर होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तंबूंच्या त्या शहरात लांबच लांब बाजारपेठ होती, होळी होती, मोहरम होता, आणि शिपायांबरोबर त्यांची बायकामुलेही होती. तळ हलला की बाजारही हलावयाचा. म्हणजे लष्करात घरे बांधली गेली त्याच्या आधीपासून बाजार होता, आणि येथल्या पोराने घराच्या ओसरीइतकीच दुकानाची पायरी पाहिली होती. पुण्याच्या वाड्याचा दिंडीदरवाजा एकदा लागला की बाहेरचे जग बाहेर राहते. छावणीत वाढलेल्या गावास ते साधणारे नव्हते.

टोपी हा शब्दही येथे विचार करण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात घराबाहेर पडणाऱ्या प्रतिष्ठित मराठी गृहस्थाच्या डोक्यावर पागोटे किंवा पगडी असावयाची, आणि शिंदेशाही पगडीचा डौल तर प्रसिद्धच होता. टोपी ही मुख्यतः पोराची. तान्ह्यास कुंची, रांगत्यास टोपडे, चालू बोलू लागलेल्यास जरीची किंवा मखमली टोपी, आणि मोठा झाल्यावर पागोटे, अशी ती चढण होती. पुढे टोपी मोठ्यांच्या डोक्यावर चढली, १९२० नंतर पांढरी गांधी टोपी आली, आणि आणखी काही वर्षांनी डोकी उघडी पडली, तो भाग निराळा. पूर्वी मात्र टोपीच्या वयास एक खास मुभा होती आणि ती खाण्यापिण्याची होती.

या मुभेस शास्त्राचाच आधार आहे. उपनयनापूर्वी मुलाने हवे तसे वागावे, बोलावे आणि खावे, त्यास दोष नाही, असे गौतम धर्मसूत्र सांगते. सोवळ्याचे कडक नियम सांगणाऱ्या परंपरेनेच पोरापुढे हात टेकले, असे म्हटले तरी चालेल. ज्या घरात आजीच्या सोवळ्यास कोणी शिवू शकत नसे, तेथेही तीनचार वर्षांचे नातवंड बाहेरून काही खाऊन आले तर तोंड धुतले की काम भागे.

या सवलतीचे मोल कळण्यासाठी मोठ्यांची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत दिली आहे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, आणि त्यातून मीठसुद्धा सुटत नसे! १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहाबिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला केवळ हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी ती बातमी छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांचा घोळ पुढे कित्येक महिने चालला. एवढ्या विद्वानांस एक पेला चहा पचला नाही. पोरास मात्र बाजारची जिलबी पचत होती.

लष्करात या मुभेस आणखी एक जोड मिळाली, ती उत्तर हिंदुस्थानच्या रिवाजाची. तेथे स्वयंपाकाचे दोन भाग मानतात, कच्ची रसोई आणि पक्की रसोई. पाण्यात शिजलेला भात, डाळ, तव्यावरची पोळी ही कच्ची. ती आपल्या किंवा वरच्या जातीच्या हातचीच खावी. तुपात तळलेली पुरी, कचोरी, दुधाची मिठाई ही पक्की. ती हलवायाकडून घेण्यास हरकत नसे. महाराष्ट्रास हा विचार अगदीच परका नव्हता. प्रवासास निघताना कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करीत, त्या याच समजुतीने. परंतु दशमी घरची असावयाची. उत्तरेकडे ही सवलत दुकानाच्या पाटीपर्यंत आली आणि त्यामुळे हलवाई हा समाजाचा जणू मानलेला आचारी झाला. शिवाय पळसाच्या पानांचा द्रोण आणि मातीचा कुल्हड एकदा वापरून फेकून द्यावयाचे. तेव्हा उष्ट्याखरकट्याचा प्रश्न तेथल्या तेथे मिटे. मराठी घरचे पोर आणि हिंदुस्थानी हलवायाचा द्रोण यांची गाठ पडण्यास आता काही आडकाठी राहिली नाही. बाहेर खाणे ही सुधारकांनी आणलेली गोष्ट, असे सर्रास समजले जाते. लष्करात तरी ती सुधारकांच्या आधी आजोबांचे बोट धरून आली असली पाहिजे.

पाण्याचा पेच मात्र सुटला नव्हता. मिठाई पक्की, पण पाणी कोणाच्या हातचे? बाजारात व रस्त्यावर पाणपोईवर ब्राह्मण बसवीत. आगगाडी आल्यावर स्टेशनांवर 'पानी पांडे' हिंडू लागले. गोड खाऊन तहानलेल्या पोरास अनेकदा घर गाठीपर्यंत घसा कोरडा ठेवावा लागे.

मुंज झाली की ही सारी मुभा संपे. ब्राह्मणाच्या मुलास आठवे वर्ष हा मुंजीचा काळ. त्या दिवशी सकाळी मातृभोजन होते. मुलगा आईच्या ताटात, तिच्याबरोबर, अखेरचा जेवतो. भोवती अष्टवर्गाचे बटू बसतात. आईच्या उष्ट्याचा घासही त्या दिवसानंतर बंद, मग बाजारच्या द्रोणाची गोष्टच नको. तुळतुळीत डोक्यावर नवी जरीची टोपी घालून मुलगा मिरवावयाचा. टोपी बाजारासारख्या पेठेतून ती टोपी घरी येई, तेव्हा तिच्या जरीबरोबर पोरवयाची समाप्तीही घरी येत होती. मुंजीच्या थाटाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्या मुलाच्या जिभेचे काय झाले असेल, हे फारसे कोणी विचारलेले दिसत नाही.

मुलीची गोष्ट याहून अवघड. स्त्रियांस विवाह हेच उपनयन, असे मनुस्मृतीचे म्हणणे. म्हणजे तिची मुभा लग्नापर्यंत, आणि लग्न आठव्या-दहाव्या वर्षी. भावाबरोबर बाजारात मिरवणारी परकरी पोर एका मांडवातून बाहेर पडली की सून होई, आणि सुनेने रस्त्यात उभे राहून काही खाणे ही कल्पनाही कोणास शिवत नसे. मराठा सरदारांच्या घरी तर पडदा होता. तेव्हा मुलांस बाजार दाखवावयाचा तो आजोबांनी, काकांनी किंवा विश्वासू गड्याने. आईच्या वाट्यास पुडा आला. कुटुंबाच्या बाहेर खाण्याच्या इतिहासात हा कागदात किंवा पानात बांधलेला पुडा हॉटेलापेक्षा जुना आहे आणि, खरे पाहता, त्याच्याहून महत्त्वाचा आहे. पोराने जे उभ्याने खाल्ले, तेच आईने माजघरात, सर्वांची जेवणे आटोपल्यावर, खावयाचे.

मात्र ही पोरवयाची मुभा साऱ्याच पोरांस नव्हती. ज्यांस समाजाने अस्पृश्य ठरविले, त्यांच्या मुलांपुरते ना धर्मसूत्राचे औदार्य चालले, ना पक्क्या रसोईचे. मध्य हिंदुस्थानातच, महू येथे, १८९१ मध्ये जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांनी आपल्या लहानपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. १९०१ साली, सुटीत वडिलांकडे जावयाचे म्हणून, ते आपल्या भावंडांसह नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाले. मुलांस मोठी हौस होती. मसूरच्या स्टेशनावर उतरल्यावर जात कळली, गाडीवान मिळेना. मिळाला तो दुप्पट भाड्याने, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. जवळ फराळाचा डबा भरलेला होता, परंतु पाणी कोणी दिले नाही, आणि भरल्या डब्यापाशी मुले उपाशी निजली. सहल, नवा पोशाख, बरोबर खाऊ, सारे तेच. नव्हता तो फक्त एका घोटाचा अधिकार. राज्यघटनेने १९५० मध्ये दुकाने व उपाहारगृहे सर्वांस खुली केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने दार लावणारास शिक्षा ठरविली. मुलांच्या बाहेर खाण्याचा इतिहास लिहिताना ही दोन सालेच प्रथम लिहावयास हवीत.

लष्करात कुटुंबाने, म्हणजे स्त्रियांसह, बाहेर पडण्यास निमित्ते मिळाली ती बरीचशी माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत. हे महाराज यंत्रवेडे. राजवाड्यात हौसेखातर आलेली छोटी आगगाडी वाढत जाऊन दोन फुटी रुळांवरून भिंड, शिवपुरी व श्योपूरपर्यंत धावू लागली. जयविलासातील जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे पेये फिरविणारी चांदीची गाडी तर आजही लोक बघावयास जातात. आपल्या मुलांस त्यांनी इंग्रज राजाराणीची नावे दिली होती, जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे! १९०५ मध्ये त्यांनी जत्रा सुरू केली. आरंभी ती मुख्यतः गुराढोरांची होती, परंतु पाहता पाहता ती ग्वाल्हेरच्या हिवाळ्याचा मोठा सोहळा बनली. १९२२ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वर्षी, फूलबागेत प्राणिसंग्रहालय खुले झाले. देवदर्शनास जाणाऱ्या बाईस कोणी अडवीत नव्हते. दसऱ्यास मांढरे की माता, गणपतीत गोरखी, ढोलीबुवांच्या मठातले कीर्तन, ही ठिकाणे तिचीच होती. आता देवाशिवायही बाहेर पडण्यास सबब सापडली. पोरांस वाघ दाखवावयाचा आहे, एवढे म्हटले की झाले. मुलांच्या हट्टाने किती आयांस उंबरठ्याबाहेर काढले, याचा हिशोब कोठल्याच दप्तरात सापडावयाचा नाही.

बाहेर पडणे झाले. बसून खाणे मात्र आणखी उशिरा आले. हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हे. लंडनसारख्या शहरातही सभ्य स्त्रीने मुलांसह निःशंकपणे बसावे अशी जागा फार दिवस दुर्मिळ होती, आणि १८९४ मध्ये लायन्स कंपनीने पहिले चहागृह उघडले तेव्हा त्याच्या लोकप्रियतेचे हेही एक कारण ठरले. आपल्याकडे 'फॅमिली रूम'ची युक्ती निघाली. एका कोपऱ्यात लाकडी आडोसा, पुढे पडदा, आत संगमरवरी टेबल. पडद्याआड आई, पडद्याबाहेर डोकावणारी पोरे, आणि नेमके काय मागवावे या विवंचनेत वडील. पडदा पूर्वी वाड्यात होता, तो आता हॉटेलात आला, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच्या आत बसलेली बाई प्रथमच गरम खात होती.

तोवर राज्यच पालटले. १९४८ मध्ये मध्यभारत झाला, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळास गेली. सरकारी नोकरीवर उभ्या असलेल्या कित्येक मराठी घरांची त्यामुळे पांगापांग झाली. जी राहिली त्यांच्या मुलांनी हिंदीला गल्लीतून घरात आणले. ही देवघेव एकतर्फी नव्हती. शिंदे की छावणीत १९२४ मध्ये जन्मलेले, गोरखीच्या शाळेत शिकलेले अटलबिहारी वाजपेयी मराठी उत्तम जाणत, आणि नया बाजारातील बहादुराच्या बुंदीच्या लाडवांची त्यांची आवड पंतप्रधानपदी गेल्यावरही सुटली नाही. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले आणि अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या इतिहासात त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली स्त्री.

अरुंद रुळांची ती गाडी श्योपूरच्या मार्गावर २०२० पर्यंत चालली आणि मग थांबली. टोपी बाजारात गर्दी कायम आहे. लग्नसराईची, सणावारांची खरेदी तेथे आजही होते, आणि खरेदी आटोपली की आई पोरांसह तेथेच, बाजारात, उभ्याने खाते. पुडा अद्याप बांधून घेतात. तो आता घरी राहिलेल्या आजीसाठी असतो.