कागदाच्या भिंती, कागदाचे दिवे

कागद म्हटला की वही, पुस्तक, वर्तमानपत्र, फार तर पुडीचा कागद आपल्या डोळ्यांसमोर येतो. कागद लावलेल्या दारांच्या घरात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली असे वर्गात सांगितले, तर 'पावसात काय करत असतील?' हा प्रश्न नक्की येईल. जपानमध्ये अशी घरे होती, आजही आहेत. तिथल्या कागदाला 'वाशी' म्हणतात. 'वा' म्हणजे जपानी, 'शी' म्हणजे कागद. लिहिण्या-छापण्याचे काम हातचे गेल्यावर हा कागद घराच्या सजावटीत कसा टिकला, आणि त्यात नेमके काय टिकले, हे आपण पाहू.

भेंडीच्या कुळातली मदत

कागदाची विद्या मूळची चीनची. ती कोरियामार्गे जपानला पोचली. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात, कागद आणि शाई करणे जाणणारा एक बौद्ध भिक्षू ६१० मध्ये कोरियातून आल्याची नोंद आहे. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात ७०२ सालच्या कुटुंबनोंदी आजही आहेत. म्हणजे तो कागद तेराशे वर्षांचा झाला! आपल्याकडचे जुने वर्तमानपत्र मात्र वर्षभरात पिवळे पडते. असे का?

पहिले कारण कच्च्या मालात आहे. वाशी मुख्यतः 'कोझो' या कागदी तुतीच्या आतल्या सालीपासून करतात. तिचे तंतू सरासरी १० मिलिमीटरच्या आसपास लांब असतात. लाकडाच्या लगद्यातले तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटरच भरतात. लांब तंतू एकमेकांत चांगले गुंततात, म्हणून पातळ कागदही चिवट होतो. दुसरे, वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन शिल्लक असते. हवा आणि उजेड लागला की ते पिवळे पडते. सालीत लिग्निन कमी असते आणि ती राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळली की त्यातले बरेचसे निघून जाते. तिसरे, यंत्रावरच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून पूर्वी राळ आणि तुरटी लावत. त्यातून आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होई. पारंपरिक वाशीला हा संस्कार नसतो.

काम हिवाळ्याचे. फांद्या वाफवून साल सोलायची, उकळायची, थंड पाण्यात धुवायची, तिच्यातला काळा कण न् कण हाताने वेचायचा, मग कुटायची. हे तंतू हौदातल्या पाण्यात सोडून त्यात 'तोरोरो-आओई' नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्या कुळातले. भेंडी चिरताना हाताला लागणारा बुळबुळीतपणा आठवला की रसाची कल्पना येईल. त्यामुळे तंतूंच्या गुठळ्या होत नाहीत आणि पाणी हळू निथळते. कारागिराला बांबूच्या बारीक काड्यांची जाळी पुढेमागे हेलकावत थरावर थर चढवता येतो. उन्हाळ्यात रसाचा चिकटपणा लवकर जातो. थंडीचा आग्रह त्यासाठीही.

कागद घरात येतो

जपानी घरात छपराचा भार लाकडी खांबांवर असतो. मधल्या भिंतींना वजन पेलायचे नसल्याने त्या हलक्या, सरकत्या करता येतात. लाकडी चौकटीवर एकपदरी कागद ताणला की 'शोजी' आणि दोन्ही बाजूंनी जाड कागद लावला की 'फुसुमा' होते. पावसासाठी पुढे आलेले छप्पर आणि बाहेरून लाकडी दारे असत. फाटलेला, मळलेला शोजीचा कागद वर्षअखेरीस बदलण्याची चाल होती.

शोजीतून उजेड येतो, पण पलीकडचे दिसत नाही. कागदातले तंतू आणि त्यांमधली हवा यांचे अपवर्तनांक वेगळे असतात, म्हणून प्रकाशाचे किरण ठिकठिकाणी वळून सर्व दिशांना विखुरतात. वर्गात एका साध्या कागदावर खोबरेल तेलाचा थेंब टाकून तो उजेडात धरावा. हवेची जागा तेल घेते, तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळचा असतो, आणि तेवढा डाग अर्धपारदर्शक होतो. शोजीचा मऊ उजेड हा अशा रीतीने कागदात अडकलेल्या हवेचाही गुण आहे.

यंत्र आले

१८७० नंतरच्या दशकात जपानमध्ये यंत्रावर कागद होऊ लागला. त्याला 'योशी', म्हणजे पाश्चात्त्य कागद, म्हणू लागले आणि त्यापासून वेगळा ओळखण्यासाठी आपल्या कागदाला 'वाशी' हे नाव रूढ झाले. तोपर्यंत तो नुसता कागदच होता. १९०१ मध्ये सुमारे ६८,००० कुटुंबे हातकागद करत होती. पण वर्तमानपत्रे आणि पाठ्यपुस्तके यंत्राच्या कागदावर गेली, खिडक्यांना काच आली, कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला. आज हे काम करणारी घरे काही शेकडाच उरली आहेत.

विजेच्या दिव्याला कागदी कपडा

१९५१ मध्ये अमेरिकन शिल्पकार इसामु नोगुची हिरोशिमाला जाताना गिफू शहरात थांबले. गिफू कंदिलांसाठी प्रसिद्ध, आणि मिनो हे कागदाचे गाव जवळच. तिथल्या महापौरांनी मंदावलेल्या कंदील उद्योगासाठी त्यांची मदत मागितली. नोगुचींनी कृती जुनीच ठेवली: लाकडी साच्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, तिच्यावर कोझोचा कागद चिकटवायचा, वाळल्यावर साचा सुटा करून आतून काढायचा. बदलल्या त्या दोन गोष्टी. कागदावरची चित्रे गेली आणि मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा आला. या दिव्यांना त्यांनी 'अकारी', म्हणजे प्रकाश, हे नाव दिले. घडी घालून चपट्या खोक्यात ते जगभर जाऊ लागले. ज्या विजेने कंदील विझवला होता, तिच्याच डोळ्यांत खुपणाऱ्या उजेडाला मऊ करायला कागद उपयोगी पडला.

पुढे क्योतोच्या एरिको होरिकी यांनी १९८७ पासून इमारतींसाठी वाशी करायला सुरुवात केली. अनेक माणसांनी मिळून काढलेले मोठे ताव त्यांनी भिंती, पडदे आणि दालनांसाठी वापरले. मोठ्या इमारतीत आगीचा, डागांचा, फाटण्याचा प्रश्न येतो. म्हणून असा कागद काचेच्या दोन तावांमध्ये बसवणे, त्यावर अग्निरोधक प्रक्रिया करणे असे उपाय आले.

काय टिकले?

सेकिशू-बान्शी हा कागद २००९ मध्ये आणि त्याच्यासह मिनो व होसोकावा हे कागद २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेले. आनंदाचीच गोष्ट. पण दुकानात 'वाशी' म्हणून मिळणारा शोजीचा कागद बहुतेक यंत्राचा असतो आणि त्यात लाकडाचा लगदा किंवा कृत्रिम तंतूही असतात. नाव टिकले म्हणून काम टिकले असे होत नाही.

हातकागदामागे कोझो लावणारा शेतकरी, तोरोरो-आओई पिकवणारा, बांबूच्या काड्या तासून जाळी विणणारा, अशी साखळी असते. जपानी कोझोची लागवड घटली असून परदेशी कोझोही वापरला जातो. जाळी विणणारे तर फारच थोडे उरले. हौदावरचा कारागीर सन्मान मिळवतो; जाळीवाला गेला तर त्याचेही हात थांबतील.

म्हणून दिवाणखान्यातल्या कागदी दिव्याकडे आम्हांला दोन नजरांनी पाहावेसे वाटते. नवा उपयोग सापडला नसता तर यातले पुष्कळसे कौशल्य केव्हाच संपले असते, हे एक. आणि नुसता उपयोग सापडून भागत नाही, ती वस्तू खरोखर कशाची आणि कोणाच्या हातची आहे हे विचारणारा ग्राहकही लागतो, हे दुसरे. हा प्रश्न विचारायची सवय शाळेतच लागू शकते.