चव्हाट्यावरचा प्रश्न आणि एक लहान शेजारी

जातीचा प्रश्न देशाबाहेर न्यावा काय, हा वाद आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो. नागपुरात इतिहास शिकवताना दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी मला विचारतो, "सर, घरातले भांडण चव्हाट्यावर कशाला?" प्रश्न प्रामाणिक असतो, पण त्यातले गृहीत तपासले पाहिजे. ज्यांना घरात घेतले नाही, ज्यांची वस्ती गावाबाहेर ठेवली, त्यांच्यापुरते ते 'घरातले' भांडण कधी झाले? आणि चव्हाट्यावर उभे राहण्याचा हक्क तरी त्यांना कधी मिळाला होता?

बाबासाहेबांनी हा संकोच कधी पाळला नाही. जुलै 1942 मध्ये याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातील क्वेबेक प्रांतात इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्सची परिषद भरली. महायुद्धानंतरच्या जगाची घडी कशी असावी, याची चर्चा तेथे व्हायची होती. त्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध पाठविला. पुढे जुलै 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या आणि अस्पृश्यांच्या वतीनेही असे काही करण्याचा आपला विचार असल्याचे कळविले. द्यु बॉइस यांनी 31 जुलैला सहानुभूतीचे उत्तर पाठविले. म्हणजे जगाच्या दारात हा प्रश्न नेण्याची कल्पना अलीकडच्या 'परकीय पैशावर चालणाऱ्या' संस्थांची नाही. ती आपल्या चळवळीच्या मूळ वारशातली आहे.

त्याच 1946 साली आणखी एक गोष्ट घडली. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्याच आमसभेत मांडली. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेने उत्तर दिले, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. भारताने ते मानले नाही, आणि आमसभेने दोन तृतीयांश मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. माणसाची मानहानी हा कोणत्याही देशाचा खाजगी मामला नसतो, हे तत्त्व भारतानेच जगापुढे ठेवले. पुढे 1965 मध्ये वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करार तयार होताना भेदभावाच्या व्याख्येत 'डिसेंट', म्हणजे कूळ वा जन्मपरंपरा, हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचविली तीही भारतानेच. 1968 मध्ये भारताने त्या कराराला मान्यता दिली.

पण तोच शब्द उलटून आपल्या अंगणात येताच सरकारी भूमिका फिरली. 1996 मध्ये या कराराच्या समितीने सांगितले की अनुसूचित जाती-जमातींची स्थिती कराराच्या कक्षेत येते. भारत म्हणाला, जात म्हणजे वंश नव्हे. 2001 मध्ये डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. 'काम आणि जन्म' यांवर आधारित भेदभावाविषयीचा एक परिच्छेद मसुद्यात होता. भारताने सारी राजनैतिक ताकद पणाला लावली आणि तो परिच्छेद अंतिम जाहीरनाम्यात येऊ शकला नाही. आपले कार्यकर्ते सभागृहाबाहेर घोषणा देत राहिले. डिसेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत अस्पृश्यतेची तुलना थेट वर्णद्वेषी अपार्थाइडशी केली. आपल्याला वाटले, आता भूमिका बदलेल. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2007 मध्ये, जिनिव्हात त्याच समितीपुढे भारताच्या प्रतिनिधींनी जुनेच पालुपद लावले. दिल्लीत एक आणि जिनिव्हात दुसरे!

येथे आपला एक लहान शेजारी पुढे येतो. नेपाळ. या देशाचा जातीचा इतिहास आपल्याहून सौम्य नाही. जंगबहादूर राणाच्या 1854 च्या मुलुकी ऐनाने जातींची उतरंड थेट राज्याच्या कायद्यात लिहून ठेवली. कामी, दमाई, सार्की अशा जाती 'ज्यांचे पाणी चालत नाही, ज्यांचा स्पर्श झाल्यास शिंतोडा घ्यावा लागतो' अशा वर्गात टाकल्या. मनूचे वचन तेथे ग्रंथात न राहता फौजदारी कायदा झाले.

नागपूरकरांना नेपाळ आठवतो तो वेगळ्या कारणाने. 14 ऑक्टोबर 1956 रोजी येथे धम्मदीक्षा झाली आणि महिनाभराने, नोव्हेंबरात, आजारी असतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 20 नोव्हेंबरला तेथे ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. 6 डिसेंबरला ते गेले. नेपाळला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळून तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते. समतेच्या धम्माची ती परिषद भरली, त्या शहरात त्या दिवशीही 1854 चे ऐन हटलेले नव्हते. ते 1963 मध्ये नव्या मुलुकी ऐनाने हटले.

त्याच नेपाळने 2009 च्या सप्टेंबरात जिनिव्हात जाहीर केले की, काम व जन्म यांवर आधारित भेदभाव नष्ट करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्याला आमचा पाठिंबा आहे. जातिग्रस्त दक्षिण आशियातून असा पाठिंबा देणारा तो पहिला देश. मानवी हक्क उच्चायुक्त तेव्हा नवी पिल्लई होत्या. त्या जन्माने डर्बनच्या. त्यांनी या भूमिकेचे स्वागत केले. डर्बनला जे दार बंद झाले होते, ते एका लहान देशाने थोडे तरी किलकिले केले.

नेपाळने हे का केले? केवळ चांगुलपणाने नाही. 1996 ते 2006 या दहा वर्षांच्या सशस्त्र संघर्षाने देश पोळला होता. 2005 पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचे कार्यालय काठमांडूत काम करीत होते. राजेशाही गेली होती, नवे संविधान लिहायचे होते, आणि लोकसंख्येच्या सुमारे 13 टक्के असलेले दलित संघटित होऊन हिस्सा मागत होते. लहान राष्ट्राजवळ सैन्य नसते, बाजारपेठ नसते. त्याचा आधार म्हणजे सर्वांना सारखा लागू होणारा कायदा. म्हणून ते आंतरराष्ट्रीय करारांना धरून राहते. यात कमीपणा काहीच नाही. दलिताचेही तसेच आहे. गावात ज्याच्याजवळ जमीन नाही, पाटीलकी नाही, त्याला लिखित कायद्यावाचून दुसरा आधार कोणता? बळवंताला नियम अडचणीचा वाटतो, दुबळ्याला तो काठीसारखा लागतो.

नेपाळची ही भूमिका कागदावरच राहिली असेही नाही. 2011 च्या तेथील कायद्याने खाजगी जागेत पाळलेली अस्पृश्यताही गुन्हा ठरविली. आपल्या अत्याचारविरोधी कायद्यात जातिवाचक अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' झाला तरच गुन्हा ठरतो, आणि 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत झालेल्या अपमानाला हा कायदा लागू होत नाही असे सांगितले, हे लक्षात घ्या. नेपाळच्या 2015 च्या संविधानात दलितांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम आहे. तेथे प्रत्येक प्रभागात एक जागा दलित स्त्रीसाठी राखीव आहे, आणि 2017 च्या निवडणुकांत साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या.

पण नेपाळचे गोडवे गाऊन आपण थांबलो तर ती दिशाभूल होईल. मे 2020 मध्ये रुकुम पश्चिम जिल्ह्यात एका दलित तरुणाच्या आंतरजातीय प्रेमापायी सहा तरुणांचा बळी गेला. जिनिव्हातला पाठिंबा त्यांना वाचवू शकला नाही. ज्या मसुद्याला नेपाळने हात दिला, त्याला मानवी हक्क परिषदेने औपचारिक मान्यता दिली नाही. खैरलांजीच्या 2006 च्या हत्याकांडानंतर रस्त्यावर उतरलेल्या विदर्भातील माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही की कायदा असणे आणि न्याय मिळणे यांत फार मोठे अंतर असते.

मग या वचनाचा उपयोग काय? उपयोग असा की, दिलेले वचन पुरावा म्हणून वापरता येते. नेपाळमधला दलित कार्यकर्ता आपल्या सरकारला विचारू शकतो: जगापुढे बोललात, गावात काय केले? आपल्या सरकारने तो शब्दच दिला नाही, म्हणून आपला कार्यकर्ता आधी प्रश्न आहे हे सिद्ध करण्यातच दमून जातो. वंशभेदविरोधी करारात व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करण्याची तरतूद आहे, पण संबंधित राष्ट्राने तशी स्वतंत्र घोषणा करावी लागते. भारताने ती केलेली नाही. ही घोषणा करा, ही मागणी आपल्या सभांच्या ठरावांत किती वेळा येते? विद्यापीठांतून, कार्यकर्त्यांच्या शिबिरांतून 1965 ची ती भारतीय दुरुस्ती किती जणांना शिकविली जाते?

'अंतर्गत प्रश्न' हा युक्तिवाद 1946 मध्ये गोऱ्या दक्षिण आफ्रिकेचा होता. तो आज आपल्या तोंडी शोभत नाही, हे सरकारला सांगण्यासाठी परक्या देशाचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. भारताचीच 1946 ची तक्रार आणि 1965 ची दुरुस्ती त्याच्यासमोर ठेवली तरी पुरे.