ग्रंथपालाचा हिशोब प्राध्यापकाच्या माथी

प्राध्यापकाचं संशोधन आकड्यांत मोजायची रीत सुरू झाली ती ग्रंथालयाच्या खरेदीतून. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे १९२७ साली साधा पैशांचा प्रश्न होता : रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचे १९२६चे अंक समोर घेतले आणि लेखांच्या तळटिपांत कोणत्या नियतकालिकाचा हवाला किती वेळा येतो ते मोजलं. ज्याचे हवाले जास्त, ते आधी मागवायचं. कुठल्या लेखकाची योग्यता ठरवायला ते बसलेच नव्हते.

दुसरं मूळ वकिलांच्या कचेरीतलं. अमेरिकेत १८७३पासून शेपर्ड यांची सूची चालत आली होती : कोणत्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, याची नोंद. ती पाहून यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली विज्ञानासाठी तशीच सूची सुचवली आणि साठीच्या दशकात फिलाडेल्फियाहून ती छापायलाही घेतली. मात्र या स्थलांतरात एक मोलाची गोष्ट गळाली. शेपर्डच्या सूचीत जुना निकाल पुढे कायम झाला की फिरवला गेला, याची खूण असे. विज्ञानातली मोजणी ती खूण ठेवत नाही. लेखाची वाहवा झाली तरी एक हवाला, म्हणजे एक सायटेशन; लेख खोडून काढला तरी एकच.

गारफिल्ड आणि आयर्विंग शेर यांनी याच सूचीतून इम्पॅक्ट फॅक्टर काढला. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत १०० लेख आले आणि यंदा त्यांचे ३०० हवाले दिले गेले, तर आकडा ३. ही सरासरी नियतकालिकाची. त्यातल्या दहा-बारा लेखांनी बहुतेक हवाले ओढून आणलेले असू शकतात आणि उरलेल्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. तरी श्रेय सगळ्यांना सारखंच. पुढे २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी व्यक्तीसाठी वेगळा एच-इंडेक्स काढला : किमान दहा हवाले मिळालेले दहा लेख असतील, तर एच दहा.

आपल्याकडे हे बिऱ्हाड आलं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीतून, शिक्षकांच्या बढतीसाठीच्या एपीआय स्कोअर या नावानं. परीक्षित नियतकालिकात पेपर आला की १५ गुण, इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर आणखी. वशिल्याला आळा बसावा, हा त्यामागचा हेतू खराच होता आणि त्या काळी अनेक धडपड्या शिक्षकांना आकड्याचा आधारही वाटला. पण बढती पेपरांच्या संख्येला बांधल्यावर पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापून देणारी दुकानं निघाली. आयोगानं २०१७मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली, तर ८८ टक्के नापास! मे २०१८मध्ये आयोगानं ४,३०५ नावं वगळली. मग 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. घाईनं पेपर छापणाऱ्या तरुण शिक्षकाला नावं ठेवणं मला पटत नाही. त्याच्यापुढे तक्ता ठेवला होता, त्यानं तो भरला.

हे मोजमाप काय धरतं आणि काय सोडतं, हे आमच्या इंदूरइतकं स्पष्ट क्वचितच दिसेल. इथली आयआयटी २००९ सालची. टाइम्स हायर एज्युकेशनच्या सप्टेंबर २०१८च्या जागतिक क्रमवारीत ती पहिल्यांदाच आली ती ३५१ ते ४००च्या गटात. मुंबईची आयआयटी ४०१ ते ५००च्या गटात राहिली. त्या क्रमवारीत सायटेशनला ३० टक्के भार होता आणि इंदूरची खरी ताकद तिथेच होती. संस्थेचे शास्त्रज्ञ सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या 'ॲलिस' प्रयोगात आहेत. तिथल्या एकेका पेपरवर हजारभर नावं असतात. अशा पेपरांचं श्रेय संस्थांमध्ये कसं वाटायचं, यासाठी क्रमवारीवाल्यांना वेगळा नियमच करावा लागला आहे. इंदूरच्या मंडळींचं काम अस्सल आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

पण सर्नला इंदूरहून आणखीही काही गेलं. सुखनिवासजवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रानं तिथल्या महाकाय त्वरकासाठी जॅक घडवून घेतले, सुमारे ७,०००. पंधरा मीटर लांब, तीस टनांहून जड चुंबक त्या जॅकवर उभे आहेत आणि मिलिमीटरच्या अंशाअंशानं ते सरकवता येतात. त्या जॅकच्या डोक्यावर चाललेल्या प्रयोगांतून हजारो हवाले निघतात. जॅकच्या रचनेला त्या मोजणीत जागा नाही.

त्याही आधीची गोष्ट अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांची. होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत त्यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरू द्यायच्या. मग उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ठरल्या वेळी खालीवर करायचे, की तीन महिन्यांत खत तयार. महात्मा गांधी १९३५मध्ये इंदूरला आले तेव्हा त्यांनी हे काम मुद्दाम पाहिलं. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत ही रीत पोचली आणि जगभरच्या सेंद्रिय शेतीची ती एक पायरी ठरली.

हॉवर्ड आणि वाड यांनी ही सगळी पद्धत १९३१च्या एका पुस्तकात लिहून ठेवली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं ते छापलं. आयोगाच्या २०१८च्या तक्त्यात आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण आहेत आणि दहाहून अधिक इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकातल्या एका पेपरला ३०.