वन्दा, बांडगूळ आणि सालममिश्री

मराठीत एखाद्याला फुकटखाऊ म्हणायचे असले की 'बांडगूळ' हटकून आठवते. अग्रलेखांत तर या शब्दाचा कायमचा मुक्काम आहे. माणसांच्या बाबतीत तो कितपत खरा, ते ज्याचे त्याने ठरवावे; पण झाडावरच्या आमरीला, म्हणजे ऑर्किडला, कोणी बांडगूळ म्हणाले की तो निव्वळ खोटा आळ असतो. आणि हा आळ फार जुना आहे.

अमरकोशात 'वन्दा' या शब्दाच्या जोडीने 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा' हे पर्याय येतात. एक झाड खाणारी, दुसरी नुसती झाडावर वाढणारी. कोशात दोघी एका पंगतीला बसल्या, झाडाला मात्र त्यांच्यातला फरक चांगलाच कळतो. हिंदीतला 'बांदा' या वन्दापासूनच आला. आपल्या बांडगुळातले 'बांड'ही मला त्याच घरचे वाटते. गंमत पुढेच आहे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक विल्यम जोन्स यांनी बंगालमधल्या एका आमरीचे वर्णन करताना हाच शब्द उचलला. ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली छापले गेले आणि 'वांडा' हे नाव वनस्पतिशास्त्रात रुजले. आज फुलवाल्याकडे भाव खाऊन जाणाऱ्या वांडाला आपण नकळत बांडगूळच म्हणत असतो!

फरक डोळ्यांनी पाहता येतो. बांडगूळ फांदीच्या आत घुसते. जोडावर गाठ येते, आणि ओढून काढायला गेलात तर फांदीची सालही सोबत येते. पाने हिरवी असल्यामुळे ते आपले अन्न करते खरे, पण पाणी आणि क्षार यजमानाचे. आमरीची मुळे सालीवरून पांढुरक्या दोरीसारखी सरपटत जातात, आत शिरत नाहीत. त्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. पहिला पाऊस लागला की ते पाणी शोषून घेते आणि पांढरे मूळ बघता बघता हिरवे दिसू लागते. ओल पावसाची, क्षार सालीवर साचलेल्या धुळीचे आणि कुजक्या पानांचे. झाडाकडून हवी ती फक्त उंचीवरची जागा. मे-जूनमध्ये सह्याद्रीत लोंबणारी सीतेची वेणी अशीच जगते. हिलाच आसामात 'कपौ फूल' म्हणतात आणि बिहू नाचताना मुली केसांत माळतात. आंब्यावरचे बांडगूळ जरूर छाटावे, पण कोयता घालण्यापूर्वी मूळ कुठे जाते ते पाहावे.

आमरी खरोखर कोणाचे खात असेल तर ते बुरशीचे. तिचे बी धुळीच्या कणाएवढे, त्यात कोंबासाठी अन्नाचा साठा जवळजवळ नाहीच. योग्य बुरशी आत शिरली तरच ते रुजते आणि सुरुवातीला तिच्याच जिवावर वाढते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे दाखवून दिले. कोशातल्या आरोपात तथ्य होते म्हणायचे, फक्त आरोपी आणि फिर्यादीची जोडी चुकली.

जमिनीतल्या आमरींच्या नावांची कथा निराळी. त्यांना बहुधा शेजारी-शेजारी दोन कंद असतात: एक यंदाचा दांडा पोसून सुरकुतलेला, दुसरा पुढच्या वर्षासाठी टच्च भरलेला. आपल्या सड्यांवरच्या हाबेनारियाही असाच कंद जपून कोरडे महिने जमिनीखाली काढतात. ग्रीकांना ती जोडी पाहून वृषण आठवले. 'ऑर्किस'चा अर्थच तो. अरबांनी या कंदांना 'कोल्ह्याचे वृषण' म्हटले. अरबी कोल्ह्याचा, 'सालब'चा, आपल्याकडे 'सालम' झाला. 'मिस्री' म्हणजे इजिप्तची. अशी घडली आपली सालममिश्री. (दात घासायच्या मिश्रीचा इथे काही संबंध नाही.) आजीबाईंच्या पौष्टिक लाडवात कोल्ह्याचे काय पडते, हे आजीबाईंना कोणी सांगितले नाही ते बरेच.

काष्ठौषधीच्या दुकानातले ते शिंगासारखे कडक, अर्धपारदर्शक खडे म्हणजे उकळून वाळवलेले कंदच. आकारावरून गुण ठरवण्याच्या जुन्या समजुतीने त्यांना वीर्यवर्धक ठरवले. प्रत्यक्षात पाण्यात फुगणारा चिकट पदार्थ त्यांत भरपूर असतो, एवढेच. हिमालयातल्या 'सालमपंजा'चा कंद बोटे फुटल्यासारखा असतो, तोही याच व्यापारात खणला जातो. पुढच्या वर्षाचा कंदच उचलला की ते झाड संपले, आणि नुसते बी फेकून नवे उगवत नाही, कारण बुरशी बाजारात मिळत नाही. सगळ्या आमरी आज वन्यजीव व्यापारावरच्या 'साइटीस' कराराच्या यादीत आहेत, म्हणजे परवान्यावाचून त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण देशातल्या देशात पुडीत काय बांधले जाते, हे गिऱ्हाईकच ठरवते. तेव्हा लाडवांच्या यादीतून सालममिश्री खोडून टाका. डिंक आणि खारीक पुरे.